ठिणगी पडली, पण...

रविवारची संध्याकाळ. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे. खोपोली मागे पडलं, चढ सुरू झाला आणि माझ्या मित्राने पुढच्या टेम्पोला ओव्हरटेक करायला अॅक्सिलरेटर दाबला. गाडी उसळी मारायची सोडून उचकी लागल्यासारखी हिसके द्यायला लागली. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकतोय, मागून ट्रकचा हॉर्न, आणि शेजारच्या सीटवर मी, गणपतीचं नाव घेत!

पाय काढला की सगळं शांत, जोर दिला की पुन्हा तेच. हा दिवा नुसता लागला तर एकवेळ चालतं; लुकलुकला तर समजायचं, मिसफायर होतोय. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून काढतं. रांगत रांगत लोणावळा गाठलं.

मित्र हिंजवडीत आयटीवाला. (नाव छापू नकोस म्हणाला, आई वाचते.) 1.8 लिटरची टर्बो पेट्रोल सेडान, सेकंडहँड. कंपनीची ताकद 180 बीएचपी. यानं लॅपटॉप लावून, टर्बोचं प्रेशर वाढवून ती 230 च्या आसपास नेलेली. गाडीचा ईएमआय अजून चालूच. हौसेला मोल नाही म्हणतात ते असं. पण हेही सांगून टाकते: आरसी बुकातल्या तपशिलाशी गाडी जुळेनाशी होईल असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाहीत. सुप्रीम कोर्टानेही 2019 मध्ये हे ठणकावून सांगितलंय. इन्शुरन्सवाल्यांना न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येऊ शकतो, ते वेगळंच.

असो. दोष कशात होता? प्लगमध्ये. यानं महागातले इरिडियम प्लग मागवले आणि डब्यातून काढून थेट बसवले. 1.1 मिलिमीटरच्या गॅपसकट! टर्बो जितकी जास्त हवा कोंबेल तितकं त्या दाट मिश्रणातून ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइलची ताकद संपली की ठिणगी पडतच नाही. सपाटीवर चालून गेलं, घाटात बिंग फुटलं.

मग साहेबांनी उपाय काय केला? ग्रुपवर कुणीतरी म्हणालं, ‘मॉडिफाइड गाडीला कोल्ड प्लग लागतो’. याने 6 नंबरचे काढून सरळ 8 नंबरचे बसवले. गॅप कमी केला, हे मात्र बरोबर. पण दोनच आठवड्यांत गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुर करू लागली आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये गचके द्यायला लागली.

शेवटी दोन्ही सेट घेऊन आम्ही नाना पेठेजवळच्या एका काकांकडे गेलो. साठीच्या पुढचे, बोटांत कायमचं ग्रीस. त्यांनी 8 नंबरचे प्लग उजेडात धरले. कोरडी काळी काजळी. घरी टू-स्ट्रोक स्कूटर असलेल्या प्रत्येकाला आठवेल, ‘प्लगमध्ये कचरा आला’ की बाबा डिकीतून पाना आणि पॉलिश पेपर काढायचे. तेच!

‘‘अरे, प्लग स्वतःला जाळून साफ ठेवतो,’’ काका म्हणाले. ‘‘तुझा तापतच नाही, तर साफ कसा होणार?’’

टोक साधारण 450-500 अंशांच्या वर गेलं की काजळी जळून जाते. ते 800-850 च्या पार गेलं तर ते निखाऱ्यासारखं होऊन पेट्रोल ठिणगीआधीच पेटवू शकतं. हॉट आणि कोल्ड म्हणजे ठिणगीची उष्णता नव्हे, बरं का! टोकाची उष्णता इंजिनच्या हेडमध्ये किती पटकन जाते, एवढंच. आणि नंबरांची गंमत बघा: एनजीके आणि डेन्सोमध्ये मोठा आकडा म्हणजे कोल्ड, बॉशमध्ये उलटं. आकडा बघून ब्रँड बदलाल तर फसाल.

मग काकांनी पहिला सेट घेतला. टोकाचं चिनीमातीचं इन्सुलेटर पांढरंफटक, आणि त्यावर मिरीच्या पुडीसारखे बारीक चमकते ठिपके. ते जरा वेळ गप्पच राहिले.

‘‘हे काय आहे माहितीये? तुझा पिस्टन.’’

मित्राचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. इंजिनात नॉकिंग होऊन पिस्टनचं अॅल्युमिनियम कणाकणाने प्लगवर येऊन बसत होतं. अजून थोडे घाट मारले असते तर पिस्टनला भोक आणि खर्च लाखांत.

काकांनी सुवर्णमध्य काढला: 7 नंबर, गॅप 0.7 मिलिमीटर. साधारण 75-100 बीएचपी वाढली की एक पायरी कोल्ड, असा ठोकताळा आहे. त्या हिशेबाने याला पूर्ण पायरीचीही गरज नव्हती, पण प्लगवरचे ठिपके हिशेबापेक्षा मोठे. शिवाय, ‘‘आधी मॅपवाल्याकडे जाऊन टायमिंग कमी करून घे. नुसत्या प्लगने नॉकिंग जाणार नाही.’’

आणि इरिडियम? काका म्हणाले, साधे निकेलचे घाल. इरिडियमचं टोक बारीक, ठिणगीला व्होल्टेज कमी लागतं, आयुष्य कितीतरी जास्त. पण सेटिंग बसेपर्यंत प्लग सारखे काढून बघायचे, तर महाग कशाला? मला तरी हे पटलं. मित्राला अजून नाही, त्याला डब्यावरची चकाकी आवडते.

बसवताना इंजिन थंडगार हवं. प्लग आधी हातानेच फिरवायचा. अॅल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले की बसा बोंबलत. शेवटी टॉर्क रेंच. गॅप करताना बाहेरचा वाकडा दांडाच वाकवायचा, मधल्या टोकाला धक्का लावायचा नाही.

मॅप बदलला, ताकद थोडी उतरली. गेल्या शनिवारी पुन्हा तोच घाट, तोच चढ. दिवा लागला नाही. काकांनी तीन हजार किलोमीटरनंतर प्लग काढून आणायला सांगितलेत. फिकट चहाच्या रंगाचे निघाले पाहिजेत. मीही जाणार आहे बघायला.