नायट्रिक अम्ल आणि धातू : तांबे विरघळते, लोखंड अडून बसते

विरल हायड्रोक्लोरिक अम्लात जस्ताचा तुकडा टाकला की हायड्रोजनचे बुडबुडे येतात, आणि त्याच अम्लात तांबे टाकले तर काहीही होत नाही, हे मागील लेखांकात आले आहे. नायट्रिक अम्लापाशी हा हिशेब कोलमडतो. इथे तांबे विरघळते, चांदी विरघळते, पाराही विरघळतो. वायू निघतो, पण तो हायड्रोजन नसतो.

याचे कारण अम्लातल्या नायट्रेट आयनात आहे. इतर साध्या अम्लांत धातूकडून इलेक्ट्रॉन घेण्याचे काम हायड्रोजन आयन करतो आणि त्याची ओढ बेताची असते. विद्युत्‌रसायनाच्या मोजपट्टीवर हायड्रोजनचे स्थान शून्य व्होल्ट धरलेले आहे. तांबे त्याच्या वर ०.३४ व्होल्टवर, चांदी ०.८० वर आणि पारा साधारण ०.८५ वर आहे, म्हणून हायड्रोजन आयनाला यांच्यापैकी एकाकडूनही इलेक्ट्रॉन काढून घेता येत नाहीत. नायट्रेटचे क्षपण होऊन नायट्रिक ऑक्साइड तयार होण्याचा विभव मात्र ०.९६ व्होल्ट आहे. तेवढ्यावर हे तिन्ही धातू त्याच्या तावडीत सापडतात. सोने १.५० व्होल्टवर असल्याने सुटते. अम्लाची धातूवरची पकड अशी मुख्यतः ऑक्सिडीभवनाची आहे.

संहत अम्लात तांब्याचा कीस टाकला की क्षणभर काही घडत नाही. मग कडेने तपकिरी धूर उठतो, अम्ल आपोआप तापते आणि द्रव हिरवा होतो. हा हिरवा रंग फसवा असतो. निळ्या कॉपर नायट्रेटात विरघळलेल्या पिवळ्या-तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइडने तो आलेला असतो. पाणी घालून वायू निघून जाऊ दिला की द्रव स्वच्छ निळा दिसतो. विरल अम्लात निघणारा वायू वेगळा, म्हणजे रंगहीन नायट्रिक ऑक्साइड असतो. नळीच्या तोंडाशी हवा लागताच तोही तपकिरी होतो, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला दोन्ही प्रकार सारखेच वाटतात.

पाठ्यपुस्तके याची दोन समीकरणे देतात. विरल अम्लात तांब्याच्या ३ अणूंमागे अम्लाचे ८ रेणू खर्च होतात, तर संहत अम्लात एका अणूमागे ४. परीक्षेपुरते हे ठीक आहे. प्रत्यक्षात दोन्ही वायू एकत्रच निघतात आणि अम्ल खर्ची पडून विरल होत जाते तसे त्यांचे प्रमाण बदलत राहते.

सुरुवातीच्या त्या क्षणभराच्या थांब्याचा खुलासा अधिक मनोरंजक आहे. १८४० च्या दशकात फ्रेंच रसायनज्ञ मियों यांना आढळले, की नायट्रस अम्लाचा अंशही नसलेले शुद्ध नायट्रिक अम्ल थंड असताना तांब्याला जवळजवळ स्पर्शच करीत नाही. खरा हल्ला नायट्रस अम्लाकडून सुरू होतो, आणि अभिक्रियेत तेच नायट्रस अम्ल पुन्हा निर्माण होत राहते. त्यामुळे सुरुवात रेंगाळते आणि एकदा वेग आला की आवरत नाही. नायट्रस अम्ल नष्ट करणारा यूरिया मिसळला तर वेग मंदावतो. विरल अम्लात तांब्याची चकती गरगर फिरवली तरीही तो मंदावतो, कारण धातूलगत साठलेले नायट्रस अम्ल वाहून जाते. ढवळल्याने पदार्थ लवकर विरघळतो हा रोजचा अनुभव इथे उलटा पडतो.

जस्तासारखा जोरकस धातू नायट्रेटला याहूनही खाली ओढतो. अम्ल बरेच विरल असेल तर नायट्रोजन थेट अमोनियमपर्यंत उतरतो. जस्ताच्या ४ अणूंनी दिलेले ८ इलेक्ट्रॉन एकच नायट्रेट आयन गिळतो. अशा वेळी बुडबुडे फारसे दिसतच नाहीत. द्रवात कॉस्टिक सोडा घालून तो तापवला आणि अमोनियाचा झणझणीत वास आला, की काय घडले ते कळते. हायड्रोजन मिळवायचाच असेल तर मॅग्नेशियम किंवा मँगनीज घ्यावे लागते, आणि अम्लही जेमतेम १-२ टक्क्यांचे व थंड असावे लागते.

पाऱ्याची गोष्ट कोलकात्याची आहे. प्रेसिडेन्सी कॉलेजात प्रफुल्लचंद्र राय यांना मर्क्युरस नायट्रेट हवे होते, म्हणून त्यांनी पाऱ्यावर विरल नायट्रिक अम्ल थंडच ओतून ठेवले. तळाशी पिवळे स्फटिक जमले. ते नायट्रेट नव्हते, मर्क्युरस नायट्राइट होते. नायट्राइटे आणि पाऱ्याची मर्क्युरस संयुगे दोन्ही अस्थिर समजली जात, त्यामुळे त्या दोहोंचा असा टिकाऊ स्फटिक मिळणे अनपेक्षित होते. १८९६ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि राय यांचे नाव युरोपात पोहोचले.

कथिलाच्या बाबतीत विरघळणे हा शब्दच लागू पडत नाही. संहत अम्ल त्यावर जोरात तुटून पडते, धूरही भरपूर येतो, पण शेवटी हाती राहते ती पांढरी अविद्राव्य भुकटी, म्हणजे पाणी धरून असलेला कथिलाचा ऑक्साइड. अँटिमनीही साधारण असाच वागतो. पृथक्करणाला हा गुण फार सोयीचा आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. ते अम्लात टाकले तर निवळ निळा द्रव मिळतो. कासे म्हणजे तांबे आणि कथील, त्यामुळे त्याच्या द्रवात पांढरा साका बसतो. हा साका गाळून, भाजून वजन केले की काशातले कथील मोजता येते. शिसे विरल अम्लात मुकाट्याने विरघळते, पण संहत अम्लात न विरघळणारे लेड नायट्रेट त्याच्यावर जमून काम थांबवते.

सर्वांत चक्रावून टाकणारे वर्तन लोखंडाचे. विरल नायट्रिक अम्लात ते सपाट्याने विरघळते. ७० टक्क्यांच्या आसपासच्या संहत अम्लात बुडवले तर क्षणभर फसफसते आणि थांबते. हे १७९० मध्ये जेम्स कीर यांनी नोंदवले होते. तोच तुकडा बाहेर काढून अलगद विरल अम्लात सोडला तरी तो आता विरघळत नाही. मोरचुदाच्या द्रावणात ठेवला तर त्यावर तांब्याचा थर चढत नाही. टोकाने ओरखडा काढला किंवा टकटक केले, की त्या जागेपासून अभिक्रिया पेटते आणि साऱ्या पृष्ठावर पसरते. १८३६ मध्ये बाझेलचे प्राध्यापक शोनबाइन यांनी या प्रकारावर फॅरडे यांच्याशी पत्रव्यवहार केला आणि त्याला निष्क्रियता हे नाव दिले. पृष्ठावर ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा बसत असावा असे फॅरडे यांचे मत पडले. ते पुढे खरे ठरले. हा पापुद्रा काही नॅनोमीटरच जाड असतो.

लोखंडावरचा पापुद्रा लहरी असतो. क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांच्यावरचा पापुद्रा मात्र भरवशाचा असतो, आणि नायट्रिक अम्लाचा सारा कारखानदारी व्यवहार त्याच्या जिवावर चालतो. ट्रॉम्बे आणि तळोजा इथल्या खत-रसायन कारखान्यांत मध्यम संहतीचे अम्ल क्रोमियमयुक्त स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांतून वाहते. अतिसंहत अम्लासाठी ॲल्युमिनियमच्या टाक्या चालतात. यातून एक विचित्र नियम निघतो. अशा टाकीत पाणी शिरले तर अम्ल सौम्य होते, पण टाकीला धोका वाढतो, कारण विरल अम्ल ॲल्युमिनियमला खाते.

सोन्याचांदीच्या धंद्यात हे अम्ल रोजच्या वापरातले आहे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतली कुटुंबे गलाईच्या व्यवसायासाठी देशभरातल्या सराफ बाजारांत जाऊन वसली आहेत. तिथे ते तेजाब या नावानेच ओळखले जाते. त्याचा सर्वांत साधा उपयोग कसोटीच्या दगडावर होतो. दगडावर दागिना घासून उठलेल्या रेघेवर तेजाबाचा थेंब टाकला की पितळेची रेघ नाहीशी होते आणि चांगल्या सोन्याची तशीच राहते.

सोने आणि चांदी वेगळे करणे मात्र थेंबाचे काम नव्हे. मिश्रणात सोने जास्त असेल तर वरवरची चांदी निघून जाते आणि उरलेले सोने आतल्या चांदीभोवती कवच होऊन बसते. ते उकळत राहिले तरी फरक पडत नाही. म्हणून गलाईवाला उलटी चाल खेळतो. सोने शुद्ध करायचे असूनही तो मुशीत आणखी चांदी घालतो. जुना दंडक असा, की वितळलेल्या गोळ्यात सोने एक भाग आणि चांदी तीन भाग असावी. आता त्याहून थोड्या कमी चांदीवरही भागवतात. हा रस पाण्यात ओतून त्याचे दाणे पाडतात आणि ते आधी सौम्य, मग जास्त तीव्र तेजाबात उकळतात. चांदी द्रवात उतरते. भांड्यात उरते ती तपकिरी, चिमटीत चुरडणारी, छिद्रे-छिद्रे झालेली माती. हेच सोने. धुऊन तापवले की ते आक्रसते आणि पिवळे दिसू लागते. हॉलमार्किंग केंद्रात टंच काढतानाही शेवटची पायरी हीच असते, फक्त दाण्यांऐवजी चांदी मिसळलेल्या नमुन्याची पातळ पट्टी गुंडाळून उकळतात.

या कामाला साधे नळाचे पाणी चालत नाही. त्यातल्या क्लोराइडमुळे द्रव दुधाळ होतो, म्हणजे तेवढी चांदी सिल्व्हर क्लोराइड होऊन खाली बसते. क्लोराइड फार झाले तर त्याहून वाईट घडते. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ही दोन अम्ले एकत्र आली की सोनेही विरघळू लागते. प्लॅटिनमचाही एक डाव लक्षात ठेवावा लागतो. एकटे असताना ते नायट्रिक अम्लाला दाद देत नाही, पण भरपूर चांदीत मिसळलेले असले तर तिच्याबरोबर काही अंशी द्रवात उतरते.

द्रवातली चांदी परत मिळवण्यासाठी त्यात तांब्याची पट्टी सोडतात. चांदी करड्या कापसासारखी पट्टीवर धरू लागते आणि द्रव निळा होत जातो. हिशेबाने एक किलो चांदी उतरवायला सुमारे २९५ ग्रॅम तांबे लागते. त्यातले फारसे काही वाया जात नाही, पण उरलेले निळे पाणी गटारात सोडणे हा सरळसरळ गुन्हा आहे.

मोठ्या प्रमाणावर आणि फार वेगळ्या कारणासाठी हेच रसायन अणुभट्ट्यांच्या वापरलेल्या इंधनाला लागू होते. ट्रॉम्बे इथे १९६४ मध्ये आणि पुढे तारापूरला सुरू झालेल्या पुनर्प्रक्रिया प्रकल्पांत इंधन तुकडे करून गरम नायट्रिक अम्लात विरघळवले जाते. युरेनियम डायऑक्साइडचा इथला एक हिशेब तांब्याच्या विरल अम्लातल्या हिशेबासारखाच निघतो, ३ ला ८. अम्लातल्या युरेनियम आणि प्लुटोनियमला मग ट्रायब्यूटिल फॉस्फेट हा सेंद्रिय द्रव उचलून घेतो आणि विखंडनातून झालेली बहुतेक द्रव्ये अम्लातच राहतात. त्यानंतर प्लुटोनियमचे क्षपण करून त्याला तीन संयुजेवर आणले, की सेंद्रिय द्रव त्याला सोडून देतो आणि ते पुन्हा पाण्यात येते. चार आणि तीन संयुजांमधल्या या एका पायरीवर दोन्ही मूलद्रव्यांची फारकत उभी आहे. प्लुटोनियम डायऑक्साइड शुद्ध असेल तर नायट्रिक अम्लात सहजासहजी विरघळत नाही, तिथे थोडे फ्ल्युओराइड मिसळावे लागते.

प्रयोगशाळेत असो, गलाईच्या दुकानात असो, धातू विरघळताना निघणाऱ्या तपकिरी धुराची गाठ चुकत नाही. नायट्रोजन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत तळाशी साठतो. त्याच्यासोबतचा नायट्रिक ऑक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून तोंडाला बांधलेला ओला रुमाल उपयोगाचा नाही. काम उघड्या हवेत किंवा धूर ओढून घेणाऱ्या चिमणीखालीच करावे लागते. या वायूचा खोडसाळपणा असा, की श्वासात गेल्यावर थोडा खोकला येतो आणि माणसाला बरे वाटू लागते. फुप्फुसांत पाणी भरण्याचा त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी उद्भवतो. अशा धुरात सापडलेल्याला त्या वेळी काही होत नसले तरी थेट रुग्णालयात न्यावे आणि कोणता वायू होता ते डॉक्टरांना सांगावे.

(पुढील लेखांक : अम्लराज)