एमॅक्स, ऑर्ग आणि मराठीतली कामांची यादी

एमॅक्समध्ये आपल्या कामांची यादी ठेवणारी मंडळी मुळातच मोजकी, आणि ती यादी मराठीत ठेवणारी तर त्याहून मोजकी. तरीही हा आढावा दिवाळी अंकात यावा असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. या एडिटरने गेल्या पंचवीस वर्षांत देवनागरीला जेवढी जागा करून दिली, तेवढी आपण वापरली नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

पूर्वपीठिका उरकून टाकतो. १९७६ साली एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी टेको या एडिटरसाठी मॅक्रोंचा संच बांधला, तो पहिला एमॅक्स. १९८५ मध्ये जीएनयू एमॅक्स आला. त्याच्या पोटातच लिस्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा असल्यामुळे वापरणाऱ्याला तो चालू असतानाच बदलता येऊ लागला. कामांच्या नोंदींसाठी आधी एडवर्ड राइनगोल्ड यांचं कॅलेंडर आणि त्याला जोडलेली डायरी होती, मग प्लॅनर आलं, रिमेंबर आलं. २००१ मध्ये डेव्हिड ॲलन यांचं ‘गेटिंग थिंग्ज डन’ हे पुस्तक निघालं आणि जो तो याद्या करू लागला. त्या सगळ्यातून टिकलं ते ऑर्ग.

ऑर्ग २००३ साली कार्स्टन डोमिनिक यांनी लिहायला घेतलं. हे ॲमस्टरडॅम विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ. आपली टिपणं आणि आपली कामं एकाच जागी राहावीत, एवढीच त्यांची गरज होती. २००७ च्या एमॅक्स २२ पासून ऑर्ग मूळ संचातच मिळतं. तारका टाकून मथळा, मथळ्याआधी कामाची स्थिती, खाली मुदत, आणि सगळ्या फायलींतून आजचं काम गोळा करून दाखवणारा अजेंडा. सगळं साध्या मजकुरात, त्यामुळे फाइल कुठल्याही संगणकावर, कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. पुढे निर्यातीची यंत्रणा नव्याने लिहिली गेली, २०२० च्या सुमारास ऑर्ग-रोमची लाट आली आणि टिपणाला टिपण जोडून त्यांचे आलेख पाहण्यात लोक रमले. त्या भागाबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही.

मला लिहायचं आहे ते देवनागरीबद्दल. १९९७ च्या एमॅक्स २० मध्ये बहुभाषिक मजकुराची सोय आली ती जपानच्या केनइची हांडा यांच्या कामामुळे. तेव्हा आपल्याकडे बहुतेक मराठी मजकूर फॉन्टागणिक वेगळ्या संकेतांत अडकलेला होता. एकाच्या संगणकावरचं पत्र दुसऱ्याच्या संगणकावर निरर्थक चिन्हांचं व्हायचं. २००९ च्या एमॅक्स २३ मध्ये आतली साठवण युनिकोडवर आली. २०२० च्या एमॅक्स २७ ने हार्फबझ ही अक्षरं जुळवणारी प्रणाली स्वीकारली आणि जोडाक्षरं, वेलांट्या, रफार यांची तक्रार जवळपास संपली. २०२३ च्या एमॅक्स २९ मध्ये तर मोडी लिपीदेखील आली. मोडी युनिकोडमध्ये २०१४ साली गेली होती. आज एमॅक्समध्ये मोडी टाइप करता येते, ही गोष्ट मराठी इतिहासाच्या किती अभ्यासकांपर्यंत पोचली आहे?

इथे एक बारीक गोष्ट सांगायलाच हवी, कारण नवखे नेमके तिथेच अडतात आणि एमॅक्सला दोष देऊन निघून जातात. मराठीसाठी संगणकाचा कीबोर्डच इनस्क्रिप्ट या मांडणीवर नेला, की कंट्रोल-एक्स दाबल्यावर एमॅक्सला कंट्रोल आणि अनुस्वार ऐकू येतो. अशी आज्ञा त्याला माहीत नसते, म्हणून तो नकार देतो. उपाय सोपा आहे. संगणकाचा कीबोर्ड इंग्रजीच ठेवा आणि एमॅक्समधली देवनागरी-इनस्क्रिप्ट किंवा देवनागरी-आयट्रान्स ही लेखनपद्धत निवडा. कंट्रोल आणि बॅकस्लॅश दाबलं की मराठी चालू, पुन्हा दाबलं की बंद. मजकूर मराठीत उमटतो आणि आज्ञा जशाच्या तशा चालतात. फोनवर किंवा दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये मला इतकी स्वच्छ सोय मिळालेली नाही.

दुसरी गोष्ट आपल्या खास मराठी ऱ्याची. ‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’ यांतलं अर्धं अक्षर दोन प्रकारे लिहिता येतं. नुक्ता दिलेला ऱ घेऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे जोडणीचं अदृश्य चिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. ऑर्गच्या टॅगमध्ये ते अदृश्य चिन्ह आलं तर ऑर्ग त्याला टॅग मानतच नाही, कारण टॅगमध्ये अक्षरं, मात्रा, अंक आणि ठरावीक चारच चिन्हं चालतात. म्हणून ऱ घेऊनच लिहायची सवय लावावी. तारखांचे आकडे मात्र इंग्रजीच हवेत, ऑर्गला देवनागरी अंकांच्या तारखा कळत नाहीत. वाराचं नाव मराठीत चालतं. लिनक्सवर वेळेचं लोकेल मराठी केलं की तारखेपुढे सोम, मंगळ, बुध आपोआप येतात. तक्त्यांतल्या उभ्या रेषा देवनागरीत वाकड्यातिकड्या होतात हे खरं, त्यावर व्हीअलाइन नावाचं पॅकेज आहे.

काही जाणकार म्हणतात, कशाला ही यातायात, कामांची यादी रोमन लिपीत किंवा सरळ इंग्रजीत ठेवावी, ती कोण वाचणार आहे? मी वाचणार आहे. सकाळी उठून पहिल्यांदा मी जी यादी पाहतो, ती माझ्या भाषेत असली की काम काय आहे ते चटकन उमगतं. ‘फॉलो अप विथ सेक्शन’ असं लिहिलेलं काम आठवडाभर पडून राहतं. ‘शर्मांना फोन करून टिपण कुठे अडलं ते विचारणे’ असं लिहिलं की ते त्याच दिवशी होतं.

माझी सारी नोकरी दिल्लीत केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत झाली. तिथे आपण स्वतः करायची कामं थोडी, आणि दुसऱ्याच्या टेबलावर थांबलेली कामं उदंड. म्हणून ऑर्गच्या मूळ दोन स्थिती, करायचं आणि झालं, मला कधीच पुरल्या नाहीत. मी चार ठेवल्या: करायचे, वाट, झाले, सोडले. प्रत्येकीपुढे कंसात एक रोमन अक्षर दिलं की एका कळीत स्थिती बदलते. खरी करामत ‘वाट’ मध्ये आहे. तिच्या अक्षरापुढे ॲटचं चिन्ह लिहिलं, की काम त्या स्थितीत टाकताना ऑर्ग एक टीप मागतं आणि तारीख-वेळेसह ती कामाखाली नोंदवतं. कुणाकडे गेलं, कशासाठी, कोणाच्या तोंडी निरोपावर, हे त्या टिपेत लिहायचं. तिरप्या रेषेपुढे उद्गारचिन्ह दिलं की काम त्या स्थितीतून बाहेर पडल्याची वेळही नोंदली जाते. वर्षाअखेरीस कुठलं प्रकरण कुणाकडे किती दिवस थांबलं, याचा लेखी पुरावा तयार.

माहितीच्या अधिकारातल्या अर्जाला तीस दिवस, पहिल्या अपिलाचा निकाल तीस दिवसांत आणि फार तर पंचेचाळीस, संसदेत दिलेल्या आश्वासनाची पूर्तता तीन महिन्यांत. या मुदतींवर दिल्लीतल्या अनेक कचेऱ्यांचं रक्त आटतं. मुदतीच्या तारखेपुढे उणे दहा दिवस असं लिहून ठेवलं, की अजेंडा दहा दिवस आधीपासून आठवण देऊ लागतो. एका कार्यालयात मी ही पद्धत सुचवली तेव्हा वरिष्ठांनी ती अधिकृत सॉफ्टवेअर नाही म्हणून नाकारली, आणि कामं पूर्वीसारखी कागदाच्या चिटोऱ्यांवर चालू राहिली. भारत सरकारने मुक्त सॉफ्टवेअरचं धोरण २०१५ साली जाहीर केलं. धोरण कागदावर आलं, पण टेबलावर बसणाऱ्याला आपलं साधन आपण घडवायची मुभा त्यातून मिळाली नाही.

एमॅक्सच्या डायरीचं अंग तर याहून गोड आहे. सप्टेंबर २०१५ पासून बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. डायरी-फ्लोट या एका ओळीत ‘दर महिना, शनिवार, दुसरा’ एवढं सांगितलं की बँकेची खेप कायमची वाचते. एमॅक्स एपॅक या आशिया-प्रशांत भागातल्या मंडळींच्या ऑनलाइन बैठकीलाही चौथा शनिवारच लागतो, ‘दुसरा’ ऐवजी ‘चौथा’ म्हटलं की तीच ओळ तिथेही चालते. दिल्लीचे अक्षांश-रेखांश, २८.६ आणि ७७.२, दिले की सूर्योदय-सूर्यास्त मिळतात. चंद्रकलांची ओळ घातली की अमावास्येचा क्षणही अजेंड्यात दिसतो.

दिल्लीतल्या मराठी घराला याची गरज पुण्यातल्या घरापेक्षा जास्त आहे. इथले महिने पौर्णिमान्त, आपले अमान्त, त्यामुळे शेजाऱ्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो. २०२५ साली दिल्लीने दिवाळी २० ऑक्टोबरला केली आणि महाराष्ट्रातल्या पंचांगांत लक्ष्मीपूजन २१ ला होतं. केंद्र सरकारच्या दिल्लीतल्या नोकरदाराला गुढीपाडवा हवा तर वर्षातल्या दोन निर्बंधित सुट्ट्यांतली एक त्याला द्यावी लागते, आणि तिचा अर्ज आधी करावा लागतो. हे सगळं माझ्या फायलींत आहे, पण तिथ्या मी दरवर्षी पंचांगातून हाताने उतरवतो.

पूर्वी दिल्लीत अशा साधनांबद्दल बोलायला जागा होती. राजपूर रोडवर २९ क्रमांकात सीएसडीएस या संशोधन संस्थेचं सराय हे केंद्र होतं. तिथे मुक्त सॉफ्टवेअरवाले आणि हिंदीवाले एकत्र बसून एकेका शब्दाच्या भाषांतरावर दिवसभर भांडत. दिल्लीच्या लिनक्स मंडळाच्या बैठका होत, जेएनयूत फ्रीड-इनचं संमेलन भरे. कुणी आपली इनिट फाइल, म्हणजे एमॅक्स आपल्यासारखा करून घेण्याची फाइल, दाखवायचा, दुसरा त्यातली ओळ उचलून आपल्या फायलीत घालायचा आणि पुढच्या बैठकीत तीच ओळ सुधारून आणायचा. नोएडा आणि गुरुग्राममध्ये आज त्या काळापेक्षा कितीतरी पटींनी अधिक प्रोग्रॅमर आहेत. पण ते स्पेसमॅक्स नाहीतर डूम असा तयार संच उतरवून घेतात, हजारो ओळी ज्यांतली एकही आपली नाही, आणि काही मोडलं की पुन्हा नवा संच. अलीकडे तर इनिट फाइलही यंत्राकडून लिहून घेतात. मला हे पटत नाही. वीस ओळींची फाइल असावी, पण तिची प्रत्येक ओळ का आहे ते आपल्याला सांगता यावं. दिवस कसा आखायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं, आणि ते ठरवताना जो विचार होतो तोच त्या फायलीतला खरा ऐवज आहे.

आता वाचकांतल्या तरुण प्रोग्रॅमरांना एक विनंती. एमॅक्सच्या मूळ कॅलेंडरमध्ये हिब्रू, इस्लामी, बहाई, चिनी, पर्शियन, कॉप्टिक पंचांगं आहेत. माया लोकांचं आहे, फ्रेंच क्रांतीच्या काळातलंही आहे. आपलं नाही. ज्या राइनगोल्ड यांनी हे कॅलेंडर लिहिलं, त्यांनीच नाखुम डेर्शोविट्झ यांच्यासोबत १९९७ साली ‘कॅलेंड्रिकल कॅल्क्युलेशन्स’ हा ग्रंथ काढला, आणि त्यात हिंदू पंचांगाचं गणित दिलेलं आहे. त्यावरून अमान्त आणि पौर्णिमान्त असे दोन्ही पर्याय देणारी, मराठी सण ओळखणारी एक फाइल लिहायची आहे. साधारण पंधरा ओळींहून मोठं योगदान मूळ संचात घालायचं तर त्याच्या स्वामित्वहक्काचे कागद फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे करून द्यावे लागतात, ते आधी करून ठेवा. तिथी-निर्णयाचे नियम जमवणं आणि दिल्ली-महाराष्ट्रातले फरक तपासणं हे काम मी अंगावर घेतो. कोड लिहिणारा कुणीतरी पुढे या.