आई-बाबांना इटालियन उपाहारगृहात नेताना

गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस आपल्या भागातील कितीतरी आई-वडिलांना पुण्याच्या लेकाकडे पोहोचवते. तेथे महिना-दोन महिने मुक्काम पडतो आणि एखाद्या शनिवारी नातवंडे जाहीर करतात, ‘‘आज सगळे बाहेर जेवायला.’’ बाहेर म्हणजे हल्ली बरेचदा इटालियन. सौंदडच्या महामार्गावरील ढाब्यापलीकडे फारशी बाहेर न जेवलेली सत्तरीची आई अशा वेळी म्हणते, ‘‘तुम्ही जा, मी घरीच वरणभात खाईन.’’ वाचकहो, तिचे ऐकू नका. वार्धक्यात भूक मंदावण्याची कारणे अनेक. एकट्याने जेवणे हे त्यांतील एक मोठे कारण. माणसांत बसले की दोन घास अधिक जातात.

खरी तयारी वेळेची करावी लागते. आपल्याकडे रात्रीचे जेवण साडेसातपर्यंत उरकते. शहरात आठला निघायचे, वाहतुकीतून वाट काढत नऊला पोहोचायचे आणि पहिला पदार्थ साडेनऊला यायचा. मधुमेहाची ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड गोळी, अथवा जेवणाआधीचे इन्सुलिन सवयीने घरीच घेतलेले असेल, तर या दोन तासांत रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. मंद उजेडात आणि गप्पांच्या गलबल्यात ‘आई दमल्या असतील’ असे म्हणून ती सहज दुर्लक्षिली जातात. म्हणून औषध सोबत न्यावे आणि जेवण समोर येण्याच्या सुमारास घ्यावे. ज्यांना अर्धा तास आधीचे इन्सुलिन आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. लक्षणे दिसताच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. त्याहून सोपा उपाय म्हणजे सातचे टेबल राखून ठेवणे. त्या वेळी गर्दी नसते आणि वाढणाऱ्यालाही सवड असते.

टेबल शक्यतो पॅटिओवर, म्हणजे अंगणातील मोकळ्या बैठकीवर मागावे. पुण्याच्या कोरेगाव पार्कात सुंदरबन हॉटेलच्या आवारातील ‘दारिओज’ या शाकाहारी इटालियन उपाहारगृहात अशी झाडांखालची बैठक आहे. बंद दालनात संगीत आणि भांड्यांचा आवाज भिंतींवरून परततो. श्रवणयंत्र वापरणाऱ्याला तो असह्य होतो. उघड्यावर बोलणे ऐकू येते. मात्र अंगणातील फरशी ओबडधोबड असते, मध्येच एखादी पायरी लपलेली असते. दिवसाउजेडी पोहोचलात तर ती दिसते. हात असलेली खुर्ची मागून घ्यावी आणि बसण्यापूर्वीच स्वच्छतागृहाची वाट पाहून ठेवावी. बाहेर जायचे म्हणून लघवीची गोळी टाळणे आणि दिवसभर पाणीही न पिणे, हा अनेक ज्येष्ठांचा परिपाठ आहे. तो प्रकृतीला महागात पडतो.

आता पदार्थ. धानाच्या मुलखातल्या माणसाला तेथे परके वाटण्याचे कारण नाही. रिसोटो हा उत्तर इटलीचा भात. आखूड, भरपूर पिष्ट असलेला तांदूळ गरम रसात ढवळत ढवळत शिजवतात. तो आपल्या आसट भातासारखा लागतो आणि दातांची कवळी असणाऱ्यालाही चावता येतो. मक्याच्या पिठाचा पोलेंटा तर आपल्या घाट्याचाच भाऊ. पास्ता तिकडे किंचित कच्चट ठेवण्याची रीत आहे. त्याने साखर हळू चढते हे खरे, पण गिळताना ठसका लागणाऱ्यांसाठी ‘मऊ शिजवा’ असे स्पष्ट सांगावे. पिझ्झाची जाड, वातड कड काढून टाकावी.

मिठाचा हिशेब मात्र ठेवावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे; मुरवलेले चीज, ऑलिव्ह आणि तयार सॉस यांतून त्यातला मोठा वाटा एका बैठकीत पोटात जातो. हृदय दुर्बल असणाऱ्यांनी चीज वरून घालू नये. क्षयरोगासाठी आयसोनियाझिड घेणाऱ्यांनी मुरवलेले चीज टाळावे. चेहरा लाल होणे, धडधड, डोकेदुखी असा त्रास होऊ शकतो. पारंपरिक पार्मेजान चीज वासराच्या जठरातील रेनेटने विरजतात, पन्ना कोट्टात बहुधा प्राणिजन्य जिलेटिन असते, तर तिरामिसूत अनेकदा कच्चे अंडे आणि मद्य. व्रतवैकल्ये पाळणाऱ्या आईला हे खाल्ल्यानंतर कळण्यापेक्षा आधी विचारलेले बरे. रिसोटोतही वाइन घालतात. ती वगळता येते का, हेही विचारावे.

आणखी एक. वाढणारा मुलाकडे पाहून विचारतो, ‘‘यांना काय देऊ?’’ अशा वेळी मुलाने उत्तर देऊ नये. ‘‘आई, तुम्ही सांगा,’’ असे म्हणून पदार्थांची यादी तिच्या हाती द्यावी, अक्षरे बारीक असतील तर वाचून दाखवावी. किंमत पाहून ती सर्वांत स्वस्त सूप मागेल. मागू द्यावे, आणि आपल्या ताटातला भात तिच्याकडे सरकवावा.

बिल दिल्याबरोबर मात्र उठू नका. भरपेट जेवणानंतर ज्येष्ठांचा रक्तदाब उतरतो, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर. चटकन उभे राहताच भोवळ येऊन ते कोसळतात. दहा-पंधरा मिनिटे बसून गप्पा माराव्या. मग खुर्चीच्या कडेला येऊन पाय चार-सहा वेळा हलवायचे, हाताला धरून उभे राहायचे, क्षणभर थांबायचे, आणि त्यानंतरच त्या अंगणातल्या पायरीकडे वळायचे.