इंजिनाची स्वयंचलित थांबा-प्रारंभ यंत्रणा : निष्क्रियतेची कारणमीमांसा

सिग्नलवर मोटार थांबताच इंजिन आपोआप बंद होऊन इंधनाची बचत व्हावी, हा या यंत्रणेचा हेतू होय. तथापि, कित्येकदा इंजिन सुरूच राहते व चालकास तो बिघाड वाटतो. वस्तुतः बंद केलेले इंजिन खात्रीने पुन्हा सुरू होईल काय, याची नियंत्रक संगणक आधी पडताळणी करतो. बॅटरीचा प्रभार अपुरा असल्यास तो इंजिन बंद करीत नाही. शहरातील छोट्या फेऱ्यांत बॅटरी पुरेशी प्रभारित होत नाही. जुन्या बॅटरीची प्रभारग्रहणक्षमताही घटलेली असते. याशिवाय थंड इंजिन, वातानुकूलनाची अधिक मागणी, ब्रेकसाठी आवश्यक निर्वाताची कमतरता किंवा न लावलेला सीटबेल्ट हीही कारणे संभवतात. सारांश, प्रासंगिक निष्क्रियता हा दोष नसून संरक्षण आहे. मात्र लांबच्या प्रवासानंतरही ती कायम राहिल्यास प्रथम बॅटरी तपासून घ्यावी.