कापसाचा पांढरा, जमिनीचा काळा
(शाई आणि कागद : लेखांक ६)

दिवाळीनंतर धामणगाव रेल्वेहून बडनेऱ्याकडे निघालं की गाडीच्या खिडकीतून फुटलेली पऱ्हाटी दिसते. खाली काळी जमीन, वर उन्हात डोळे दिपवणारा कापूस आणि मधे वाळत चाललेली पानं, बोंडांची टरफलं, वेचणाऱ्या बायांच्या पाठीवरच्या सावल्या. हे दृश्य इंकजेट प्रिंटरवर कृष्णधवल छापून पाहा. त्याच्यासारखी कठीण परीक्षा नाही. आणि छापलेलं नीट का आलं नाही हे सांगायला आपल्याकडे शब्द दोनच. ‘जरा डार्क करा’ आणि ‘कॉन्ट्रास्ट वाढवा’.

पहिला नेमका शब्द घनता. शाईने किती प्रकाश गिळला, याचं हे माप. पडलेल्या प्रकाशाचा दहावा हिस्सा परत आला तर घनता १.०, शंभरावा आला तर २.०. घनता ०.३ ने वाढली की परत येणारा प्रकाश निम्म्यावर येतो. हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी १८९० मध्ये काचेच्या प्लेटांसाठी घनतेचा जो अभ्यास मांडला, त्याच पायावर आजचा इंकजेटही उभा आहे.

कोरा कागदसुद्धा सगळा प्रकाश परत देत नाही. त्याची घनता ०.०५ च्या आसपास असते. ती डी-मिन. प्रिंटरला जमणारा सर्वात गडद काळा, तो डी-मॅक्स. या दोन टोकांमधलं अंतर म्हणजे छटांचा पल्ला. चांगल्या मॅट कागदावर डी-मॅक्स १.६५ च्या जवळपास मिळतो. म्हणजे तिथला पांढरा काळ्याच्या साधारण चाळीसपट उजळ. ग्लॉसी कागदावर डी-मॅक्स २.३५ पर्यंत गेला, तर हेच प्रमाण दोनशेपट होतं.

शाई काळी ती काळीच, मग एवढा फरक का? मे महिन्यातलं वावर आठवा. जमीन काळी म्हणायची, पण दिसते राखाडी. मृगाचा पहिला पाऊस पडला की तीच जमीन काळीभोर होते. माती बदललेली नसते; तिच्यावरून चहूकडे विखुरणारा प्रकाश कमी झालेला असतो. मॅट कागदाचा खरबरीत पृष्ठभाग कोरड्या ढेकळांसारखा प्रकाश विखुरतो आणि काळ्यावर राखाडी पापुद्रा चढवतो. ग्लॉसीचा गुळगुळीत थर तो प्रकाश एकाच दिशेला परतवतो. आपण जरा बाजूने पाहिलं की काळा खोल दिसतो.

तरीही मला मॅटच आवडतो. त्यातले उत्तम कागद कापसाचे असतात. जिनिंगमध्ये रुई निघाली तरी सरकीला आखूड तंतू चिकटून राहतात, त्यांना लिंटर म्हणतात. ‘कॉटन रॅग’ नावाने मिळणाऱ्या महागड्या कागदांत बऱ्याचदा हेच लिंटर असतात. ज्या गावाने पिढ्यान् पिढ्या कापूस तोलला, त्या गावात हा कागद हाती घेताना तो परका वाटत नाही.

आता मुख्य गोष्ट. पल्ला मोठा म्हणजे प्रिंट चांगली, असं नाही. दोन टोकांमध्ये किती पायऱ्या वेगळ्या ओळखू येतात, हा प्रश्न निराळा आहे. जिना उंच असून मधल्या पायऱ्याच तुटलेल्या असल्या तर चढणार कसं? फाइलमध्ये ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात, पण कागदावर शाईचे ठिपके पसरतात. याला डॉट गेन म्हणतात. गडद भागात ठिपके एकमेकांत मिसळतात आणि ९० टक्के नि १०० टक्के काळा सारखाच दिसू लागतो. उजळ भागात अडचण उलटी : पांढऱ्यावर काळे ठिपके सुटे सुटे दिसतात. त्यासाठीच काळ्याच्या जोडीला पातळ राखाडी शाया आल्या. एप्सनने २००५ मध्ये काळ्याच्या तीन पातळ्यांचा के-३ संच आणला, तेव्हा घरच्या टेबलावरच्या प्रिंटरलाही मऊ उजळ छटा साधू लागल्या.

आमच्याकडे आजोबांचा एक जुना फोटो आहे. पांढरं धोतर, पांढरा सदरा, मागे वावर. एका ठिकाणी तो मोठा करून घेतला, तर कॉन्ट्रास्ट इतका वाढवलेला होता की धोतराच्या जागी नुसता कोरा कागद उरला. काळा मात्र झकास होता. पल्ला पूर्ण वापरलेला, पायऱ्या गेलेल्या. मला फार वाईट वाटलं, कारण आजी ज्या निगुतीने त्या धोतराच्या निऱ्या करून ठेवायची, त्याच नेमक्या पुसल्या गेल्या होत्या.

मग पाच-पाच टक्क्यांनी चढणारी एकवीस चौकटींची पट्टी छापली. रात्रभर वाळू दिली आणि सकाळी ओसरीच्या उजेडात पाहिली. शून्य आणि पाच वेगळे दिसत होते, पण ९० च्या पुढच्या चौकटी एकच झाल्या होत्या. तेवढाच गडद भाग वक्राने थोडा उचलला. या दुरुस्तीला लिनिअरायझेशन म्हणतात. ती कशी करायची ते पुढच्या आठवड्यात पाहू. कॉन्ट्रास्टला हात न लावता मूळ स्कॅनवरून फोटो पुन्हा छापला. निऱ्या आल्या. आजोबांच्या पायाशी ढेकळं सुटी दिसू लागली. डी-मॅक्स होता तेवढाच होता.