पायऱ्यांचा शिणवटा आणि मालीश

कार्ल्याच्या एकवीरा देवीला आणि शेजारच्या लेण्यांना शेकडो पायऱ्या चढून जाणाऱ्यांचे पाय त्या दिवसापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक दुखतात, आणि याचे कारण चढण्यापेक्षा उतरण्यात अधिक आहे. उतरताना मांडीच्या पुढील स्नायूंना आकुंचन पावलेले असतानाच शरीराचा भार पेलत लांबावे लागते. या ताणाने स्नायुतंतूंना अतिसूक्ष्म इजा होते आणि तिचा ठणका साधारण २४ ते ७२ तासांत सर्वाधिक जाणवतो. या दुखण्याचा दोष पुष्कळदा लॅक्टिक आम्लावर ठेवला जातो. परंतु ते आम्ल श्रम थांबल्यावर तास-दीड तासातच शरीर स्वतःहून वापरून टाकते, त्यामुळे मालीश केल्याने ते ‘निघून जाते’ ही समजूत टिकत नाही.

क्रीडा-मसाजमध्ये प्रथम तेलाचा हात हलक्या दाबाने पोटरीकडून मांडीकडे, म्हणजे हृदयाच्या दिशेने, लांबवर फिरवला जातो. त्वचा ऊबदार झाल्यावर स्नायू चिमटीत धरून मळले जातात आणि जेथे गाठ लागते तेथे अंगठा काही क्षण स्थिर दाबून धरला जातो. महाराष्ट्राच्या तालमींतही जोर-बैठका आणि लढतीनंतर पैलवान एकमेकांचे अंग रगडतात, आणि वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’तील दिनचर्येच्या अध्यायात नित्य अभ्यंगाबरोबरच व्यायामानंतर अंगाला सुख वाटेल अशा बेताने सर्वांगाचे मर्दन करण्यास सांगितले आहे. सुखाची ही अट आज विशेष मोलाची आहे, कारण जितके अधिक दुखेल तितका अधिक गुण, हा समज अजूनही दृढ आहे. प्रत्यक्षात असह्य दाबाने स्नायू आखडून प्रतिकार करतो.

२०२० साली अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात मसाजमुळे ताकद किंवा धावण्याचा वेग वाढल्याचे दिसले नाही, मात्र लवचिकता थोडी वाढली आणि श्रमानंतरचे दुखणे थोडे कमी झाले. हा लाभ माफक असला तरी खरा आहे. स्पर्शाच्या संवेदनांमुळे वेदनेची जाणीव मंदावते आणि मज्जासंस्था शांत होऊन स्नायूंचा ताण उतरतो, असे यामागचे स्पष्टीकरण दिले जाते. मावळात भातलावणीच्या दिवसांत चिखलात तासन्‌तास वाकून रोपे लावणाऱ्या स्त्रियांच्या कंबरेला या उपायाची गरज कोणत्याही खेळाडूइतकीच असते, परंतु त्यांच्या वाट्याला तो क्वचितच येतो. वास्तविक कोमट तिळाचे तेल आणि घरातल्याच कोणाचे तरी दहा-पंधरा मिनिटांचे हात एवढ्यानेही पुष्कळ उतार पडू शकतो.

ताप, ताजी मुरगळ, अस्थिभंगाची शंका किंवा त्वचेचा संसर्ग असल्यास मालीश टाळावी, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून गरम लागत असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळल्याने सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असल्याने अशा पायाला हात न लावता तत्काळ रुग्णालय गाठावे.