परसातल्या मांडवाचा हिशेब

कोकणातील मुस्लिम वस्त्यांत आज भाजीचा टेम्पो येतो. चिपळूण, खेड, महाड, म्हसळा, श्रीवर्धन, कोणत्याही तालुक्यातील मोहल्ला घ्या. घाटमाथ्यावरून किंवा वाशीच्या बाजारातून आलेली मेथी, दुधी, वांगी, कोथिंबीर दारात विकली जाते. ज्या दारात ती विकली जाते, त्याच घराच्या मागे दोन-चार गुंठे परस मोकळे पडलेले असते, नाहीतर फरशी घालून कायमचे बंद केलेले असते. व्यापाराच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, जो माल आपल्या जमिनीत निघू शकतो तो रोज रोखीने विकत घेणे हा घरच्या धंद्यातील तोटाच आहे. वहीत लिहिला जात नाही, एवढेच.

हे कसे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. १९७० च्या दशकात तेलाचा पैसा वाढला आणि कोकणातील तरुण कुवेत, सौदी अरेबिया, दुबई, बहरीनला गेले. ड्राफ्ट येऊ लागले, बंगले उठले, मुलांची शिक्षणे झाली, बहिणींचे निकाह झाले. या कमाईला नावे ठेवणाऱ्यांपैकी आम्ही नाही. परंतु त्याच काळात भातशेती ओसाड पडली, गडी मिळेनासे झाले आणि मातीत हात घालणे कमीपणाचे ठरले. परस सुटले ते याच रेट्यात.

त्यापूर्वीचे परस म्हणजे घरचे कोठारच होते. पावसाच्या तोंडावर बांबूचा मांडव उभा राही. त्यावर पडवळ, शिराळी, कारली, दुधी आणि काकडी चढे. न्हाणीचे सांडपाणी जाई तेथे अळू आणि केळी. कुंपणाला शेवगा, विहिरीजवळ पपई, कोपऱ्यात सुरण आणि करांदे. भात कापले की शेतातील उरलेल्या ओलीवर वाल, आणि परसात लाल माठ, मुळा, मिरची. सुका जवळा टाकून केलेला माठ, कोळंबी घातलेला दुधी, शेवग्याच्या शेंगांचे सालन आणि तांदळाची भाकरी, हे जेवण गरिबाचे म्हणून ओळखले गेले. आहारतज्ज्ञ आज जे सांगतात त्यातील बरेचसे त्या ताटात होते: पालेभाजी, शेंगवर्गीय धान्य, मासळी, आणि जवळ्यातून मिळणारा चुना म्हणजे कॅल्शियम.

आजच्या ताटात काय आहे? सकाळी चहाबरोबर खारी, बटर, पाव. दुपारी सालन-भात. मुलांच्या हातात दहा रुपयांचे पाकीट. दावतीत बिर्याणीबरोबर थंड पेयांच्या बाटल्यांची रास. गोड थंड पेयात १०० मिलीलिटरमागे साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. ३०० मिलीलिटरची एक बाटली म्हणजे तीस ग्रॅमहून अधिक साखर पोटात गेली. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवण्यास सांगते. वलीम्याच्या दावतीत पाहुण्याला दुसरी बाटली आग्रहाने देणारा यजमान त्याचा सत्कार करतो की काय करतो, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आकडे गंभीर आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी, म्हणजे पंडुरोग आढळला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. परदेशातून परतलेला कर्ता माणूस पन्नाशीत मधुमेहाच्या गोळ्या घेऊ लागतो आणि साठवलेल्या पैशाला तेथून गळती लागते. हा औषधाचा खर्च आणि टेम्पोवाल्याला दिलेले पैसे एकाच खात्यात लिहायला हवेत.

आपल्याकडे मांस हलाल आहे की नाही याची चौकशी कटाक्षाने होते आणि ती व्हायलाच हवी. पण कुरआन शरीफमध्ये हलालबरोबर ‘तय्यिब’ हा शब्दही आहे. तय्यिब म्हणजे शुद्ध, उत्तम, अंगाला हितकर. दुकानात त्याची चौकशी किती जण करतात? पाकिटावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे कायद्याने बंधनकारक आहे. जे पहिले लिहिले ते सर्वांत जास्त. ‘आटा’ असे मोठ्या अक्षरात लिहिलेल्या पावाच्या पाकिटावर मागे पहिला शब्द मैदा असेल, तर तो पाव मैद्याचाच. त्याच यादीत साखर, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप अशी तीन नावे वेगवेगळी दिसली तर तिन्ही साखरच समजावी. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी क्रमांक आणि मुदतीची तारीख पाहण्यास अर्धे मिनिट लागते. मदरशातील आणि शाळेतील मुलांना हे वाचायला शिकवावे. घरातील पाकीट हेच त्यांचे पुस्तक.

आता परसाचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे माणशी रोज किमान ४०० ग्रॅम भाजी व फळे पोटात जावीत. पाच माणसांच्या घराला रोज २ किलो, महिन्याला ६० किलो. सरासरी दर किलोला ४० रुपये धरला तर महिन्याचे २,४०० आणि वर्षाचे २८,८०० रुपये होतात. (दर आपापल्या गावचा घालून पाहावा.) एक-दोन गुंठ्यांच्या परसात ही सगळी गरज भागेल असे सांगणारा माणूस थापा मारतो. कांदा, बटाटा, टोमॅटो विकतच आणावे लागतील. परंतु वर्षभरातील एक तृतीयांश जरी घरचे निघाले तरी ९,६०० रुपये राहिले. त्यातून बियाणे, बांबू, सुतळी आणि जाळीचा खर्च वजा करावा. बांबू आणि जाळी दोन-तीन वर्षे टिकतात, म्हणून पहिल्या वर्षी फायदा कमी दिसेल. शिवाय आज विकत भाजी घेणारे घर माणशी ४०० ग्रॅम घेतच नाही. महाग म्हणून अर्ध्यावर भागवते. परसाचा खरा लाभ तो आहे.

अडचणी आहेत आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पहिली अडचण माकडांची. कोकणात माकडे आणि वानर यांनी अनेकांना परसबाग सोडायला लावली आहे. काकडी, पपई, केळी ती हातोहात नेतात. हळद, आले, सुरण, अळू यांना त्यांचा त्रास तुलनेने कमी. म्हणून घरापासून लांबच्या पट्ट्यात ही पिके आणि दाराजवळ, राबत्यात, मांडव अशी मांडणी करावी. दुसरी अडचण एप्रिल-मे मधील पाण्याची. न्हाणीचे व भांड्यांचे पाणी चर काढून अळू-केळीला सोडणे ही जुनी रीत आजही चालते, मात्र कडक रसायनांचे फरशीचे पाणी त्यात सोडू नये. तिसरी अडचण जांभ्याची. माती उथळ असेल तर दगडांची चौकट करून पालापाचोळा, शेण, स्वयंपाकघरातील साली आणि मासळी साफ केल्यावरचा भाग मातीत खोल पुरावा. वर मातीचा जाड थर द्यावा, नाहीतर कुत्री-मांजरे उकरतील. पाऊस संपताच ती जागा माठाला तयार होते.

बियाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने याच हवामानासाठी शेवग्याची ‘कोकण रुचिरा’, कारल्याची ‘कोकण तारा’, माठाची ‘कोकण दुरंगी’ अशा जाती काढल्या आहेत. विद्यापीठ जवळ असून आमच्या मोहल्ल्यातून तेथे चौकशीला जाणारे थोडे, ही खंत आहे. संकरित बियाण्याचे पुढल्या वर्षी तसेच पीक येत नाही, ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. गावठी बियाणे राखून ठेवता येते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेत न जाताही वाल-घेवड्यापासून पालेभाज्यांपर्यंतच्या गावठी वाणांची बियाणे बँक उभी केली. त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आमच्या वस्त्यांतील वृद्ध स्त्रियांकडे आजही राखेत घोळून, बरणीत बांधून ठेवलेले पडवळाचे बी सापडेल. त्यांच्या हयातीत ते मागून घ्यावे.

राहिला प्रश्न विक्रीचा. घरचे पुरून उरलेली अळूची पाने, शेवग्याच्या शेंगा, पपई शेजारी किंवा नाक्यावरच्या दुकानात सहज जाते. स्वतः पिकवलेली कच्ची भाजी विकायला अन्न परवाना लागत नाही. कोकमचे आगळ, लोणचे, पापड करून विकायचे तर प्राधिकरणाची नोंदणी घ्यावी. मिरची-वांग्याची रोपे तयार करून विकणे हा स्त्रियांना घरबसल्या जमणारा धंदा आहे आणि त्याला भांडवल थोडे लागते. अनेक भगिनी व्याजाच्या व्यवहारामुळे बचत गटापासून दूर राहतात. त्यांनी कर्जाशिवायचा गट करावा: दहा घरे, सामाईक बियाणे, सामाईक जाळी, आणि ज्याच्याकडे जे जास्त निघेल त्याची अदलाबदल. यात व्याज कोठेच येत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांना भोपळा आवडत असे, एका शिंप्याच्या घरच्या जेवणात ते ताटातून भोपळ्याच्या फोडी निवडून घेत होते, असे हजरत अनस (रजि.) यांनी सांगितल्याचे बुखारी शरीफमध्ये नमूद आहे. लावलेल्या झाडाचे पाखराने, जनावराने खाल्ले तरी ते लावणाऱ्याच्या नावे सदका ठरते, असेही हदीसमध्ये आले आहे. माकडांवर संतापणाऱ्यांना याने थोडा दिलासा मिळावा, जाळी मात्र बांधावीच.

लावणीची वेळ चुकवू नये. मांडवाचे खड्डे मे महिन्यात भरून ठेवावेत आणि दुधी, पडवळ, कारल्याचे बी मृगाच्या पहिल्या सरींवर टोचावे. शेवगा उंचवट्यावर लावावा, पाणी साचले की तो मरतो. भातकापणीनंतर माठ आणि मुळा. माठ साधारण महिन्याभरात ताटात येतो. त्याची भाजी लिंबू पिळून खावी आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. लिंबामुळे भाजीतील लोह अंगी लागते, चहामुळे ते वाया जाते.